अर्थिंगचं पाणी

“मॅडम, तुमची नाव पाण्यात अन् लाइट काठावरून. मंग मासोळ्याले करंट नाई लागत काय?”

चंचलनं प्रश्न एका दमात विचारला आणि विचारून झाल्यावरही मान खाली घातली नाही. वर, घाटाच्या करंजीखाली दिव्यानी आणि प्रणित तोंडावर हात दाबून हसत होते. पैज त्यांचीच होती. दवाखान्याच्या नावेवर चढून त्या टेस्टरवाल्या बाईला मासोळीचा सवाल विचारून दाखव, नाही तर सोमवारी दोघांचीही दप्तरं तुझ्या पाठीवर.

दिवाळीच्या आधी अशी पैज कोणी लावलीच नसती. तेव्हा हजेरी देतानाही चंचलचा आवाज बाकाखालून यायचा. मग चामोर्शीला तालुक्याच्या कबड्डीत शेवटच्या चढाईला तिला नाइलाजानं पाठवलं, आणि तिघींना शिवून, पालथी पडून, बोटाच्या टोकानं ती रेषेला टेकली. त्या दिवशी ती जी ओरडली, त्यानंतर तिचा घसा पुन्हा बंद झालाच नाही.

टेस्टरवाली बाई नावेतल्या बोर्डासमोर उकिडवी बसली होती. तिनं दातांत धरलेला स्क्रू काढून हातात घेतला.

“नाव काय तुझं?”

“चंचल.”

“मी नाहीद. घुग्घुसची. हाच सवाल मी सकाळपासून ह्या बोटीले विचारून राह्यली, चंचल.” ती हसली नाही. “आजच्या दिवशी तरी मले माहीत नाई, मासोळ्याले लागते का नाई ते.”

वरचं हसणं थांबलं. चंचलच्या अंगावर मात्र काटा आला, आनंदाचा. ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं! म्हणजे प्रश्न खरा होता.

बंधारा बांधल्यापासून वैनगंगेचं पाणी गावाच्या घाटाला बाराही महिने टेकून असे, आणि पंधरवड्यातून एकदा ही लोखंडी पांढरी नाव लसी, गोळ्या आणि डॉक्टरबाईंना घेऊन दोन दिवस इथे थांबे. नाव बॅटरीवर चाले. घाटाला लागली की तिच्यातून जाडजूड पिवळी केबल निघे, पायऱ्या चढून काठावरच्या लोखंडी पेटीत जाई, आणि नाव रात्रभर गावाची वीज पीत बसे. बाकीच्या गावांत हे सुरळीत होतं. इथेही मागच्या खेपेला होतं. आज मात्र पेटीतला खटका टिकत नव्हता. दाबला की टक्, आणि बंद.

“मॅडम, डायरेक्ट मारून द्या ना,” सुकाणूवरून मुन्ना म्हणाला. नाव तोच चालवायचा, आणि सकाळपासून पायऱ्या चढून खटका वर करायचं कामही त्याच्याच गुडघ्यांवर आलं होतं. “खटकाच बायपास करून टाकू. रहेगा नहीं तो गिरेगा कैसे?”

“मुन्नाभाई, कुत्रं भुंकते म्हणून कुत्र्याले मारता काय? चोर पाहा ना आधी.”

“चोर पाहता पाहता चार वाजतीन. तीन दिवस धुकं होतं, सोलर भरलंच नाई. बॅटरी खाली. फ्रिज बंद पडला की लसी गेल्या. मंग उद्याचं लसीकरण गेलं, अन् आपल्याले पलीकडच्या घाटावर जा लागते. सांगून ठेवतो.”

उद्याचं लसीकरण म्हणजे दिव्यानीच्या बहिणीचं बाळ. सकाळच्या शाळेतून येताना दिव्यानीनं त्याच्या टोपीचं कौतुक अर्धा रस्ता सांगितलं होतं.

“तो खटका पडते काऊन?” चंचलनं विचारलं. ही पैज नव्हती. हा तिचा स्वतःचा प्रश्न होता.

नाहीदनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि केबलचा खोललेला प्लग तिच्यासमोर धरला. आत तीन पितळी दात होते.

“हे बघ. एका तारेनं करंट बोटीत येतो, फ्रिज चालवतो, पंखा चालवतो, अन् दुसऱ्या तारेनं परत जातो. काठावरचा तो खटका बाकी काही नाई करत, फक्त मोजतो. गेला किती, परत आला किती. जरासाही कमी आला की बंद.”

“बकऱ्यावानी!”

“काय?”

“आमच्या गावचा सुकलू जंगलात बकऱ्या नेते ना! सकाळी फाटकातून मोजून सोडते, संध्याकाळी फाटकातूनच मोजून घेते. एक जरी कमी भरली का बोंब मारते.”

“काऊन?”

“वाघ!”

नाहीदनं मांडीवर थाप मारली. “आबे, क्या बात है! कॉलेजात मले कोणी असं नाई शिकवलं. बरोब्बर. करंट वाटेतून कुठे गेला? लोखंडात गेला, पाण्यात गेला, नाई तर पाण्यात पाय घालून बसलेल्या माणसाच्या अंगातून गेला. म्हणून तो खटका बोंबलतो.”

“अन् ही तिसरी तार?”

“अर्थिंग. ती रिकामी पाहिजे. बोटीच्या पत्र्यात चुकून करंट उतरलाच, तर त्याले सरळ जमिनीत न्यायची वाट. जीव वाचवायची वाट आहे ती. रोजच्या येण्याजाण्याची नाई.”

चंचलनं तिसऱ्या दातावर बोट ठेवलं. त्या शब्दावर काहीतरी अडकलं होतं, पण नेमकं काय ते तिला कळलं नाही.

“पायऱ्या मी चढतो, मॅडम. मुन्नाभाऊचे गुडघे वाचतीन.”

“जुग जुग जियो,” मुन्ना म्हणाला.

मग सुरू झाला तो खेळ कबड्डीपेक्षा भारी होता. चंचल चपला काढून पायऱ्या चढायची, पेटीच्या झडपेतून हात घालून खटका वर करायची आणि ओरडायची, “झाला!” खालून नाहीद एकेक वस्तू चालू करायची. फ्रिज. टक्. पंप. टक्. दिव्यानी आणि प्रणितलाही आता राहवेना. प्रणित मधल्या पायरीवर उभा राहून निरोप इकडून तिकडे पोचवू लागला, अगदी क्रिकेटची कॉमेंट्री केल्यासारखा.

“पंखा! पंखा चालू झाला... अन् गेला! पंखा औट!”

“आता सगळं बंद करून फक्त बल्ब लावते,” नाहीद ओरडली. “एकच, बारका.”

टक्.

नाहीद बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून काठाकडे पाहत राहिली.

“एवढ्याशा बल्बनं? बोटीतली प्रत्येक वस्तू खराब असू शकत नाई. चंचल, ह्याचा अर्थ काय सांग?”

चंचल पेटीपाशी धापा टाकत होती. डोक्यात मात्र सगळं लखलखत होतं. “एक बकरी कमी नाई आली, मॅडम! एकही बकरी फाटकातून परत येऊन नाई राह्यली!”

“मग कुठे जाऊन राह्यल्या साऱ्याच्या साऱ्या?”

चंचलनं खाली पाहिलं.

पेटीच्या पायाशी हातभर खड्डा होता. त्यातून अर्थिंगची सळई वर आलेली. खड्ड्यातली माती काळीभोर ओली होती आणि कडेला मिठाची पांढरी रेघ धरली होती. ते पाणी तिनंच टाकलं होतं, आज सकाळी, शाळेत जाता जाता. “घाटावरच्या अर्थिंगले एक बकेट टाकून जाजो वं, मीठ टाकून,” बाबांनी सांगितलं होतं. त्यात नवीन काहीच नव्हतं. त्यांच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीत, बहुतेक घरांत एकच तार यायची. दुसरी सरळ जमिनीत गाडलेली. संध्याकाळी बल्ब मंद झाला की अर्थिंगला पाणी टाकायचं, बल्ब फुलतो. आई तुळशीपाशी दिवा लावायची, चंचल अर्थिंगला पाणी टाकायची. हात पोचायला लागला तेव्हापासूनचं ते तिचं काम.

आणि ह्या पेटीचं काम बाबांचं. मागच्या आठवड्यात वानरांनी उड्या मारून गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरून येणारी एक तार तोडली, तेव्हा सरपंचांनी बाबांनाच, लहानूलाच, बोलावलं. गावातले सगळे पंप तोच जोडायचा. “नदीकाठची ओली माती,” बाबा घरी येऊन सांगत होते, “इथी दुसरी तार लागतेच कायले? प्लगचे दोन्ही दात, परतीचा अन् अर्थिंगचा, सळईलेच देल्ले बांधून. फर्स्टक्लास!” सरपंचांनी चारचौघांत खुर्ची दिली, चहा पाजला. ही गोष्ट बाबांनी जेवताना सांगितली आणि हात धुताना पुन्हा सांगितली. पेटीच्या कुलपाची किल्लीही आता त्यांच्याच करगोट्याला होती.

“काय दिसलं काय?” खालून नाहीद विचारत होती.

लसीसाठी नाव लिहायला आलेल्या बाया पायऱ्यांवर बसल्या होत्या. दिव्यानी होती, प्रणित होता, मुन्ना होता. सगळे वर, तिच्या तोंडाकडे पाहत होते. उत्तर तिच्या जिभेवर होतं. दिवाळीपासून पहिल्यांदाच चंचलनं आवाज गिळला.

खटका पडलेलाच होता, तो तिनं तसाच ठेवला. मग पेटीतला प्लगही ओढून काढला आणि कोरड्या पायरीवर ठेवला.

“किल्ली आणतो!” ती म्हणाली. “प्रणित, ह्या खड्ड्याजवळ कोणाले येऊ देऊ नको.”

“काऊन?”

“वाघ आहे.”

आणि ती पळत सुटली.

लहानू ओसरीत एक जळकी मोटर मांडीत घेऊन तांब्याची तार गुंडाळत होता. आई, सीता, सुपात तांदूळ निवडत होती. चंचल धापा टाकत समोर बसली.

“बाबा, एक सवाल पुसू?”

“पुस ना.”

“सुकलूच्या बकऱ्या सकाळी फाटकातून गेल्या. अन् संध्याकाळी मागच्या कुंपणाच्या भोकातून घरात आल्या. फाटकावर सुकलू मोजत उभा आहे. तो काय म्हणन?”

“वाघानं नेल्या म्हणन. बोंबलन.” लहानूला हसू आलं. “असे सवाल शाळेत पुसते काय आता?”

“घाटावरचा खटका तसाच बोंबलून राह्यला, बाबा. तो मोजते. जाते किती, येते किती. आपण करंट परत खटक्यातून नाई पाठवला. सळईतून पाठवला. भोकातून.”

गुंडाळणारा हात थांबला. लहानू आयटीआयला गेला नव्हता, पण त्याला कोणतीही मोटर दोनदा समजावून सांगावी लागत नसे. चेहऱ्यावर समजल्याचं आधी आलं आणि राग त्याच्या मागून आला.

“त्या बाईनं सांगितलं?”

“बाईले अजून माहीतच नाई. मी कोणाले नाई सांगितलं.”

“सारं गाव अर्थिंगवर चालून राह्यलं! माह्या बापाच्या वक्तापासून. कोणी मेलं काय?”

“आवाज कायले करता?” सीता म्हणाली. “पोरगी घरात येऊन सांगून राह्यली ना. घाटावर बोंबलली असती तर?”

लहानूनं मोटर मांडीवरून उतरवली. आड्याला टांगलेलं नव्या तारेचं भेंडोळं काढून खांद्यावर टाकलं, पक्कड घेतली आणि घाटाकडे चालू लागला. चंचल त्याच्या पुढे नाही, मागेही नाही, बरोबर चालली.

नाहीदनं पेटी उघडून आत पाहिलं. रिकामा स्क्रू पाहिला, सळईला बांधलेली तार पाहिली. मग लहानूकडे पाहिलं. चंचल बाबांच्या जवळ सरकली.

“तार वानरांनी तोडली ना, भाऊ?” नाहीद म्हणाली. “वाटलंच मले. आमच्या घुग्घुसले पण माह्या वडिलांनी क्वार्टरात असाच बल्ब चालवला आहे. शेतात चालून जाते म्हणून वाटते सगळीकडे चालन. पण इथे बोट आहे. बोटीचा पत्रा त्याच सळईले बांधलेला. म्हणजे तुमच्या मातीपेक्षा चांगली अर्थिंग कोणती झाली?”

लहानूनं नावेकडे पाहिलं. लोखंडी, पांढरी, अर्धी पाण्यात.

“नाव,” तो म्हणाला.

“सगळा करंट नावेतून नदीत. खटका पडत होता म्हणून वाचलो. मुन्नाभाई डायरेक्ट मारून राह्यले होते.”

मुन्नानं दोन्ही कान धरले.

“हे पाहा.” पायऱ्यांवरची माणसं दूर सारून नाहीदनं प्लग परत बसवला, मीटरची एक सुई सळईला लावली, दुसरी चार पावलांवर ओल्या मातीत खोचली आणि लहानूला खटका वर करायला लावला. टक् होण्याआधी काटा हलला. “एवढ्याशा बल्बवर जमिनीतच फरक दिसते. फ्रिज लावला तर किती, विचार करा. मोठा पंप लावला तर? माणसाची चप्पल असते, दोन पाय जवळजवळ असतात, तो निभावून नेते. गाय-म्हैस नाई. तिचे पुढचे पाय इथे अन् मागचे पाय तिथे. करंट सरळ छातीतून. आवाजही नाई करत, पडते जागेवर.”

“म्हैस?” लहानूनं विचारलं.

“म्हणून विचारते, इथे जनावरं पाण्यावर येतात काय?”

“इथी नाई येत.”

त्याच्या हातातली पक्कड उघडली, मिटली, उघडली. चंचल त्याच्याकडे पाहत होती. पोळ्याच्या आधी इसरूकाकाची म्हैस त्याच्याच शेतात, बाबांनी जोडलेल्या पंपापाशी चिखलात मेलेली सापडली होती. साप चावला असंच सगळे म्हणाले, पण साप कोणी पाहिला नव्हता. खुराजवळचा काळा डाग बाबांनीच बसून, बोट लावून सगळ्यांना दाखवला होता. इसरूकाकानं त्या जागेवर अंडं फोडलं होतं आणि नारळ ठेवला होता.

“शिडी धरा, बाई,” लहानू म्हणाला. “डीपी पाडून येतो आधी.”

पुढचं काम त्यानं असं केलं की प्रणितसुद्धा कॉमेंट्री विसरला. डीपी बंद करून आला, खांबावर चढला, नवी तार ओढली, पेटीतल्या रिकाम्या स्क्रूला आवळली, प्लगचा परतीचा दात सळईवरून सोडवून खटक्याखाली आणला. सळईला एकटी अर्थिंगची हिरवी तार ठेवली. नाहीदनं दोन ठिकाणी मीटर लावून मान डोलावली आणि तिसऱ्या ठिकाणी “अजून आवळा, भाऊ” म्हटलं. त्यानं आवळलं.

“केबल कोण जोडणार?” नाहीदनं विचारलं.

“मी!”

“आधी कुठलं टोक?”

चंचलनं क्षणभर डोळे मिटले. “आधी नावेतलं, मंग काठावरचं. म्हणजे हातातलं टोक जितं नाई राहात. अन् काढताना उलटं.”

“अन् मधे?”

“ढील. पाणी चढलं-उतरलं तर ओढ नाई बसली पाहिजे.”

“हे मी तुले कधी सांगितलं?”

“नाई सांगितलं. मागच्या खेपेले तुमी जोडत होत्या, तेव्हा करंजीखाली बसून पाह्यलं.”

प्लग बसला. खटका वर गेला. पायऱ्यांवरच्या बायाही उठून उभ्या राहिल्या. नाहीदनं बल्ब लावला, पंखा लावला, पंप लावला. शेवटी फ्रिज. तो आधी खोकला, थरथरला आणि घुर्रर्र करत सुरू झाला.

टक् झालंच नाही.

मुन्नानं भोंगा वाजवला. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. दिव्यानीनं चंचलला मिठी मारून उचललं, प्रणित “नॉटौट! नॉटौट!” ओरडत तीन पायऱ्या एकदम उतरला आणि घसरून पडला.

“मासोळ्याले आता काई नाई लागत!” चंचल नदीवर ओरडली. “दप्तरं आपापली उचलजा रे!”

परत येताना लहानूला वाटेत दोघातिघांनी हाक मारली. “नाव चालू करून देल्ली म्हणते, लहानूभाऊ!” त्यानं हात वर केला, थांबला मात्र नाही. इसरूच्या शेताची पायवाट आली तेव्हा त्यानं मान फिरवली नाही. चंचलनं ते पाहिलं.

घरी दिवेलागण झाली होती. टोल्यावरचे सगळे पंखे, टीव्ही सुरू झाले तसा ओसरीतला बल्ब रोजच्यासारखा पिवळा पडत गेला. सीतानं चुलीवर भाताचं आधण ठेवलं होतं.

“चंचल, अर्थिंगले पाणी टाक वं. मीठ तिथीच आहे.”

चंचल उठली. बकेट भरली, उचलून परसदारापर्यंत नेली. तिथे भिंतीलगत त्यांची सळई होती, आणि तिच्यापासून चार पावलांवर त्यांची गाय रवंथ करत उभी होती. पुढचे पाय इकडे, मागचे पाय तिकडे.

ती तशीच परत आली. गायीचं दावं सोडून तिला अंगणात पुढच्या खुंट्याला बांधलं. मग भरलेली बकेट ओसरीत, दोघांच्या मधोमध, खाली ठेवली. लहानू भिंतीला टेकून बसला होता. त्यानं बकेटीकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

“माय, बाबा, ऐका,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, पार शेवटच्या घरापर्यंत गेला असता, पण तिनं तो ओसरीपुरताच ठेवला. “आजपासून मी अर्थिंगले पाणी नाई टाकणार. दुसरी तार येतवरी लाइट असाच राहीन, मी अशाच लाइटात अभ्यास करीन. अन् उद्या आईतवार आहे. लसीकरण झालं का मी अन् बाबा गावातले सारे पंप पाहाले निघू. पहिले इसरूकाकाच्या घरी जाऊ, मंग त्याच्या पंपावर.”